व्हँडल आला का?

बसस्टॉपवरची काच कोणीतरी रात्रीतून फोडली होती आणि तिचा चुरा पायाखाली करकरत होता, पण माझं लक्ष तिकडे नव्हतंच. मी बसची वाट बघत दुसऱ्याच विचारात उभी होते. शेजारच्या टोपीवाल्या म्हाताऱ्याने काठीने तो चुरा कडेला लोटला आणि तो म्हणाला, "व्हँडल लेकाचे! दुसरा धंदा नाही यांना." मी अशी चमकून वळले की त्या बिचाऱ्याला वाटलं, आपण बाईमाणसाला काहीतरी लागेलसं बोललो. "तुम्हाला नाही हो बाई, काच फोडणाऱ्यांना म्हणालो," तो घाईघाईने म्हणाला. मी नुसती मान हलवली. त्याला काय कप्पाळ सांगणार? त्या शब्दाचा अर्थ नासधूस करणारा, दुसऱ्याच्या चीजवस्तूंची मोडतोड करणारा असा आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण आमच्या घरात ते एका माणसाचं नाव आहे, आणि घरातली हाक परक्याने भररस्त्यात मारली तर कोणीही वळून बघेल. त्यातून ते नाव ज्याचं, तो माझा धाकटा भाऊ, रविवारी घरी येणार होता. घर सोडून गेल्याला वीस-बावीस वर्षं झाली, त्यानंतर पहिल्यांदा; आई गेली तेव्हाही तो आला नव्हता. सोमवारी त्याचा फोन आला होता. "ताई, रविवारी तुमच्याकडे काम निघालंय माझं. सकाळी घरी येतो, संध्याकाळची गाडी आहे." मग फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "बाबा ओळखतील का गं मला?" मी म्हटलं, "न ओळखायला काय झालं?" आणि फोन ठेवल्यावर तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले, कारण मी धडधडीत खोटं बोलले होते.

बाबा हल्ली माणसं विसरतात. मला ते बहुतेक वेळा 'मोठी' म्हणून हाक मारतात, पण कधी मी त्यांना शाळेच्या कचेरीतली बाई वाटते आणि मग ते माझ्याकडे खडूची पेटी मागतात, कधी आई वाटते आणि मग नुसते बघत राहतात. आईला जाऊन सहा वर्षं झाली हे मी त्यांना आता सांगत नाही, कारण दर वेळी त्यांना ते नव्याने कळतं. मात्र एक गोष्ट ते विसरले नाहीत. दिवेलागणीला खुर्चीत सरळ होऊन बसतात आणि विचारतात, "व्हँडल आला का?" मी म्हणते, "येईल." ते म्हणतात, "उशीर करतं कार्टं," आणि पुन्हा मागे रेलतात. गेली दोनतीन वर्षं रोज हेच चालू आहे. पण ते ज्याची वाट बघतात तो एकोणीस वर्षांचा, हडकुळा, अजून उंची पुरी न झालेला, केस कपाळावर आलेला मुलगा आहे. रविवारी येणार होता तो चाळिशी उलटलेला, टक्कल पडलेला, दूरच्या एका शहरात लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. त्याला एक दिवस मिळणार होता. बाबांच्या डोक्यात त्या एका दिवसापुरता उजेड पडेल की नाही, एवढंच काय ते होतं, आणि त्यात माझ्या हातात काही नव्हतं. पण हातात काही नसलं की माणूस हात चालवायला लागतो. मीही लागले, आणि घात तिथेच झाला.

नाव बाबांनीच ठेवलेलं. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे आणि उरलेला इतिहास घरी आम्हाला वाढायचे, ताटातलं गार होईपर्यंत. माझा भाऊ सहा-सात वर्षांचा होता तेव्हा त्याने भिंतीवरचं घड्याळ खाली उतरवून खोललं. मोडायचं म्हणून नव्हे, आतलं टकटक करणारं कोण आहे ते बघायचं म्हणून. परत जोडल्यावर तीन चाकं उरली आणि घड्याळ जे गप्प झालं ते झालं. बाबांनी ती चाकं हातात घेतली, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आमच्या घरात व्हँडल जन्माला आला म्हणायचा." म्हणजे काय, असं त्याने विचारलं आणि जेवण लांबलं. व्हँडल नावाचे लोक होते खरोखरच, बाबा सांगायला लागले. उत्तरेकडचे, थंडीतले. मागून दुसऱ्यांनी रेटलं म्हणून पुढे सरकत राहिले, बायकापोरांसकट, नद्या ओलांडत, आणि शेवटी समुद्रही ओलांडून पार पलीकडे जाऊन राहिले. तिथून जहाजांत बसून आले आणि त्यांनी रोम शहर लुटलं, चांगलं पंधरवडाभर. पण म्हणतात, तिथल्या धर्मगुरूंनी वेशीवर जाऊन त्यांच्याकडून शब्द घेतला होता की जाळपोळ नको, कत्तल नको. आणि तो त्यांनी बराचसा पाळलाही. नेलं पुष्कळ, मोडलं त्या मानाने कमी. "मग?" माझ्या भावाने विचारलं. बाबा म्हणाले, मग काय, तेराशे वर्षांनी फ्रान्समध्ये क्रांती झाली, लोक पुतळे फोडायला लागले, थडगी उकरायला लागले, तेव्हा तिथल्या एका बिशपला त्या प्रकाराला नाव हवं होतं. त्याने या लोकांचं नाव उचललं आणि चिकटवलं. "पण ते पुतळे यांनी कुठे फोडले होते?" "नव्हते फोडले." "मग यांचंच नाव का?" बाबा हसले. मला ते हसणं आठवतं, त्यात आपल्या हुशार मुलाचं कौतुक होतं. "नाव ठेवायला कोणीतरी लागतं," ते म्हणाले, "आणि ऐकून घेणारा जागेवर नसावा लागतो. हे लोक तोवर उरलेच नव्हते. पांगले, दुसऱ्यांत मिसळून गेले. त्यांनी स्वतःबद्दल लिहिलेलं जवळपास काही नाही. जे आहे ते सगळं दुसऱ्यांनी लिहिलेलं." माझा भाऊ बराच वेळ भात चिवडत बसला. मग म्हणाला, "म्हणजे ते गेले म्हणून." आई म्हणाली, "जेवा आता, इतिहास काही पळून जात नाही." पण नाव चिकटलं ते चिकटलंच. ते अन्यायाचं नाव आहे हे पक्कं ठाऊक असलेल्या माणसाने ते आपल्या मुलाला ठेवलं, लाडाने ठेवलं, आणि आम्ही सगळ्यांनी ते तोंडभरून वापरलं. पुढे घरात कशाचाही टवका उडाला की न विचारता त्याच्या नावावर जमा. मांजराने बरणी पाडली तरी आई आधी त्यालाच हाक मारायची.

मी विमा कंपनीत आहे, मोडतोडीच्या दाव्यांच्या विभागात. दिवसभर माझ्यासमोर फुटलेल्या काचा, वाकवलेली शटरं, उपटलेले नळ यांचे फोटो येतात. आमचं सगळं काम एका प्रश्नाभोवती फिरतं : हे आपोआप झालं, चुकून झालं की कोणी मुद्दाम केलं? आणि आमचा पहिला नियम, जो मी फोनवर घसा कोरडा होईपर्यंत सांगते, तो असा की पाहणी होईपर्यंत मोडलेल्या वस्तूला हात लावायचा नाही. काच गोळा करू नका, दार दुरुस्त करू नका, भिंत रंगवू नका. आमचा माणूस येऊन बघून जाईपर्यंत आहे ते तसंच राहू द्या. लोक चिडतात. एक दुकानदारीणबाई परवा म्हणाल्या, "म्हणजे मी रोज सकाळी उठून हे असं बघत बसू?" मी म्हटलं, "हो बाई, बघत बसा." हे सांगताना मला एकदाही आमच्या घराची आठवण झाली नाही, याचं आता नवल वाटतं. आमच्या घरात तर बाबांनी हाच नियम चालवला होता. कपाटाच्या आरशाला वरच्या कोपऱ्यातून तडा गेलेला, त्यात उभं राहिलं की कपाळ एकीकडे आणि डोळे दुसरीकडे. खणाची मूठ निघालेली, तिथे सुतळीचा फास. बंद पडलेलं घड्याळ भिंतीवरच. आणि आतल्या खोलीच्या दाराला, कडीच्या बाजूला, छातीच्या उंचीवर एक भोक.

ते भोक त्याने जाताना केलं. कॉलेज सोडून कारखान्यात जातो म्हणाला, बाबा नाही म्हणाले, शब्दाने शब्द वाढला, आणि बाबा शेवटी जे बोलले ते फार मोठं नव्हतं, "तुला मोडण्यापलीकडे येतंय काय?" एवढंच. तो वळला आणि त्याने दारावर ठोसा मारला. आतून पोकळ असलेलं ते दार, मूठ सरळ आत गेली. मग त्याने ती बाहेर काढली, पिशवी उचलली आणि गेला. आई जिन्यापर्यंत धावली. बाबा दाराकडे बघत उभे राहिले. त्यानंतर आई कितीदा तरी म्हणाली, "अहो, ते दार बदलून घेऊ या, बघवत नाही." बाबा म्हणायचे, "राहू दे. त्याला दाखवायचंय." ते ज्या कोरड्या आवाजात म्हणायचे त्यावरून आम्हा दोघींची खात्री होती की राग अजून गेलेला नाही. तो आला की त्याला कान धरून दारासमोर उभं करणार आणि विचारणार, बघ, काय केलंस. मीच ते त्याला एकदा फोनवर बोलून बसले होते, दार तसंच आहे म्हणून. तो म्हणाला होता, "असू दे."

तो गेला आणि घरात काही मोडेनासं झालं. हे मला फार उशिरा लक्षात आलं. कपबश्यांचा तोच संच, बरण्या त्याच, स्टुलाचे चारही पाय धड. लोकांना वाटेल, किती नीट ठेवलंय घर. मला एखाद्या संध्याकाळी कपबश्या विसळताना त्या अखंडपणाचा असा काही वीट यायचा की एक कप हातातून सोडून द्यावा, आवाज तरी होईल. सोडला मात्र नाही कधी. मी सांभाळणाऱ्यांतली. माझ्या हातून काही सुटत नाही, आणि त्यामुळेच बहुधा, माझ्यासाठी कोणी दिवेलागणीला खुर्चीत सरळ होऊन बसत नाही. तक्रार म्हणून नाही सांगत. जो घरातच असतो त्याची वाट कशी बघणार? पण भावाची वाट मीही बघत होतेच. त्याच्या धाडधाड जिना चढण्याची, 'ताई, हे बघ काय सापडलं आत' म्हणून तेलकट हात नाकासमोर धरण्याची. माझ्या लग्नाचं बारगळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने माझी शिट्टी मारणारी किटली खोलून तिची शिट्टी काढून आणली होती, खिडकीत बसून वाजवत होता आणि मला रडता रडता हसू आलं होतं. ती किटली अजून आहे, मुकी.

तर तो येणार म्हटल्यावर माझ्या मनाने घेतलं की त्याला यातलं काही दिसता कामा नये. इतक्या वर्षांनी माणूस घरात पाऊल टाकणार आणि त्याची पापं भिंतीवर टांगलेली बघणार? मी गुरुवारी रजा टाकली आणि सुताराला बोलावलं. सुतार बडबड्या होता. दाराच्या भोकात चार बोटं घालून म्हणाला, "बाई, हे काय, कोणी ठोसा मारला होता की काय?"

"माझ्या भावाने."

"भलताच तापट दिसतोय."

"आता लिफ्ट दुरुस्त करतो."

"मग ठीक आहे," सुतार म्हणाला, कशावरून ठीक ते त्यालाच ठाऊक. त्याने भोकाच्या कडा चौकोनी कापल्या, मागून पट्टी ठोकली, मापाचा प्लायचा तुकडा बसवला, वर पुट्टी भरली, ती वाळल्यावर घासली आणि सगळ्या दाराला रंगाचा हात दिला. आरसा नवा बसवला, खणाला पितळी मूठ लावली. घड्याळ मी स्वतः उतरवून माळ्यावर टाकलं. काम सफाईदार होतं. बोट फिरवलं तरी सांधा लागत नव्हता. बाबा तोवर शेजारच्या बाईंकडे बसले होते, रंगाचा वास नको म्हणून. संध्याकाळी त्यांना आणलं तेव्हा मी खूश होते, सणासुदीला घर आवरल्यावर व्हावं तशी.

बाबा संडासाला जायला उठले. आतल्या खोलीच्या दाराशी आले आणि त्यांचा उजवा हात सवयीने वर गेला. तेव्हा मी पहिल्यांदा बघितलं, म्हणजे रोज बघत असूनही पहिल्यांदा, की ते या दारातून जाताना त्या भोकात दोन बोटं अडकवतात, क्षणभर थांबतात आणि मग उंबरा ओलांडतात. मी समजत होते, आधाराला धरतात. त्यांची बोटं गुळगुळीत रंगावरून घसरली. त्यांनी पुन्हा हात ठेवला, पुन्हा घसरला. मग ते दोन्ही तळवे दारावर फिरवायला लागले, वर, खाली, कडेला, अंधारात बटण शोधावं तसे. "बाबा, काय हवंय?" मी विचारलं. ते म्हणाले, "इथे होता." होतं नाही म्हणाले, होता म्हणाले. मग कपाटापाशी गेले, नव्या आरशात बघितलं, खणाच्या मुठीला हात लावला, भिंतीवर घड्याळाच्या जागी उरलेल्या फिकट गोलाकडे बघत उभे राहिले. मी त्यांना खुर्चीत आणून बसवलं. दिवे लागले. मी वाट बघत राहिले. त्यांनी विचारलं नाही.

शुक्रवारी विचारलं नाही. शनिवारी मी मुद्दाम समोर जाऊन बसले, म्हटलं, "बाबा, व्हँडल उद्या येतोय." ते सभ्यपणे म्हणाले, "अस्सं? या लोकांचा इतिहास फार कोणी लिहिला नाही." कळायचं ते सगळं तेव्हा कळलं, उलट्या क्रमाने. 'त्याला दाखवायचंय' म्हणजे बाबांना त्याला काय दाखवायचं होतं, ते. मोडलंस ते बघ असं नाही. बघ, हे सगळं तसंच ठेवलंय, तू येऊन बघेपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही, असं. आणि लोकांना दिवसभर हाच नियम शिकवणारी मी, पाहणीला माणूस यायच्या तीन दिवस आधी सगळं घासूनपुसून बसले होते. डोक्यातला मुलगा कधीच पुसट झाला असेल, पण बोटांना तो रोज त्या दारात भेटत होता, आणि मी तिथे पुट्टी भरली. दुपारी बाबा झोपल्यावर मी दारासमोर उभी राहिले, मूठ वळली आणि मारली. आयुष्यात पहिल्यांदा मी काही मोडायला गेले. दाराला काही झालं नाही. सुताराने प्लाय चांगलं जाड वापरलं होतं. माझ्या बोटांची पेरं मात्र लालभडक झाली, आणि मी नळाखाली हात धरून मोरीत बराच वेळ रडत उभी राहिले.

रविवारी तो आला. जिना हळू चढला. दारात उभा राहिला तेव्हा मला आधी त्याच्या खांद्याला अडकवलेली जड पिशवी दिसली, मग त्याचं टक्कल, मग त्याचे डोळे, ते मात्र तेच. "ताई, बारीक झालीस," तो म्हणाला. मी म्हटलं, "आणि तू जाड." मग तो बाबांच्या समोर गेला आणि वाकला. बाबांनी हात जोडले. "या, बसा," ते म्हणाले. "आपण कुठून आलात?" त्याने शहराचं नाव सांगितलं. "बरंच लांब की," बाबा म्हणाले. "मोठी, पाहुण्यांना चहा कर." तो खांद्यावरची पिशवी न उतरवताच खुर्चीच्या टोकावर बसला, कामाला आलेला माणूस बसतो तसा. मी चहा केला. तो मधूनच म्हणायचा, तब्येत कशी आहे, आणि बाबा म्हणायचे, आपल्या कृपेने उत्तम. असं दोनदा झालं आणि तिसऱ्यांदा त्याने विचारलंच नाही. कप ठेवून उठला आणि म्हणाला, "हात धुतो." आतल्या दारापाशी थांबला. त्याचा हात वर गेला, बाबांचा जातो तसाच, आणि घसरला.

"ताई, इथलं कुठे गेलं?"

"बुजवलं," मी म्हटलं. "तू येणार म्हणून."

मग खांद्यावरची पिशवी त्याने खाली ठेवली आणि चेन उघडली. आत प्लायचा तुकडा होता, चौकोनी, कडा घासलेल्या. पुट्टीचा डबा, ती ओढायचा पत्रा, पॉलिशपेपर, रंगाची छोटी बाटली. "मी सामान आणलं होतं गं," तो म्हणाला. "एक तासाचं काम होतं. गाडीत सगळं ठरवून आलो होतो, आधी हे करायचं, मग त्यांच्याशी बोलायचं." तो दाराकडे वळला आणि हात रंगावर फिरवायला लागला, सांधा शोधत, कारागिराच्या बोटांनी. छातीच्या उंचीवर एका जागी थांबला. "इथे असेल," स्वतःशीच म्हणाला.

"इथे नाही," बाबा म्हणाले.

ते कधी उठून त्याच्या मागे येऊन उभे राहिले, कळलंच नाही. त्यांनी त्याचं मनगट धरलं, वर्गात फळ्यावर नकाशात चुकलेल्या मुलाचं धरायचे तसं, आणि ते खाली सरकवलं. "जरा खाली. तू तेव्हा एवढा उंच नव्हतास." मग त्यांनी त्याची बोटं एकेक करून मिटली, त्याची मूठ केली आणि ती त्या गुळगुळीत जागेवर टेकवून धरली. त्या मुठीकडे ते बघत राहिले. पेरांवरून त्यांचा अंगठा फिरत होता. किती तरी वेळ.

"हाताला लागलं होतं का रे?" त्यांनी विचारलं.

माझ्या भावाने कपाळ दाराला टेकवलं.

"लागलं होतं, बाबा," तो म्हणाला.